गाडीच्या जाळीवरील चक्र

मानखुर्दकडून ट्रॉम्बेकडे येणाऱ्या रस्त्यावर सकाळी सातच्या सुमारास अर्धा तास उभे राहावे. वाशीच्या मार्केटातून भाजी घेऊन आलेल्या, भंगार भरून निघालेल्या, कुणाचे घरसामान लादलेल्या पिकअप गाड्या एकामागून एक जातात. गाडी लांब असताना तिचा नंबर वाचता येत नाही, कंपनीही ओळखू येत नाही. ओळखू येते ती समोरच्या जाळीवर मालकाने बसविलेली खूण. कुठे ओम, कुठे ७८६, कुठे क्रूस, कुठे गडाचे चित्र, कुठे खंडोबा. आणि अलीकडे वाढत्या संख्येने निळ्या रंगाचे चक्र.

आमच्या एका अभ्यासवर्गात या चक्राचा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते चिडून म्हणाले, की जाळीवर लोखंड बसवून क्रांती होत नसते. ही बाजारू सजावट आहे आणि तिला अस्मिता म्हणणे हा आपल्या विचारांचा ऱ्हास आहे. मी त्या वेळी गप्प राहिलो. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे नाही. परंतु ज्या वस्तूविषयी आपण मत देतो ती कशी बनते, ती कोण बनवून घेतो आणि तिच्यासाठी त्याला काय मोजावे लागते, हे आम्हा बोलणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. त्याच सुमारास माझ्या मावसभावाने हप्त्यावर पिकअप घेतली आणि जाळी करून घेण्यासाठी तो मला चिता कॅम्पातल्या एका फॅब्रिकेटरकडे घेऊन गेला. तिथे तीन दिवस येता-जाता जे पाहिले, शिकलो, ते येथे मांडतो.

प्रथम जाळीचे काम समजून घेतले पाहिजे. पिकअपचे इंजिन पुढे, बोनेटखाली असते. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा बराच भाग वाया जातो आणि तो इंजिनाबाहेर काढावा लागतो. इंजिनाभोवती फिरणारे पाणी ही उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येते. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची आणि त्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांची चौकट. समोरून येणारा वारा या पत्र्यांतून गेला की पाणी थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. हा वारा आत येण्याची वाट म्हणजे जाळी. दगड, कागद, पिशव्या अडविणे हे तिचे दुसरे काम. गाडी वेगात असेल तर वारा आपोआप मिळतो. पण दीड टन माल लादून कसाऱ्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना वेग नसतो, इंजिनावर ताण मात्र सर्वांत जास्त असतो. त्या वेळी पंखा जेवढी हवा ओढील तेवढीच. अशा वेळी जाळीवर कुणी भरीव पत्रा बसविला असेल तर काटा लाल खुणेकडे सरकू लागतो. फॅब्रिकेटरने आम्हांला एक जुनी जाळी दाखविली. तिच्यावर जेवणाच्या ताटाएवढी पितळी तबकडी होती. त्या गाडीचे हेडगॅस्केट दोनदा गेले, तिसऱ्यांदा मालकाने तबकडी काढून त्याच्याकडे टाकली. तबकडीवर कुणाची प्रतिमा होती ते सांगत नाही. सर्वच समाजांत अशी तबकडी करणारे आहेत.

कंपनीच्या मूळ जाळीलाही काही अर्थ असतो हे आपण विसरतो. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. जीपच्या नाकावरच्या उभ्या फटी ही तिची जगभरची ओळख. पुढे याच कंपनीने अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी विकायला काढली तेव्हा जीपच्या मालकांनी २०१८ मध्ये तक्रार केली, की ही आमच्या गाडीच्या रूपाची नक्कल आहे. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ती तक्रार मान्य केली आणि महिंद्रला रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला. चेहऱ्यासाठी कोट्यवधींचे धंदे असलेली माणसे दोन वर्षे भांडतात. तिथे कुणी त्यांना म्हणत नाही की फटींनी काय होणार आहे. हप्ते भरणाऱ्या ड्रायव्हरला मात्र आपण लगेच विचारतो.

आता चक्राविषयी. मावसभावाच्या मनात बाबासाहेबांची प्रतिमाच लावायची होती. फॅब्रिकेटरनेच त्याला थांबविले. जाळीवर चिखल उडतो, किडे चिरडून चिकटतात, पुढच्या गाडीतून कुणी थुंकले तर तेही तिथेच येते. फोटो केबिनमध्ये लावा, बाहेर चक्र लावा, असा त्याचा सल्ला. तो स्वतः मुसलमान. त्याने ही गोष्ट ज्या सहजपणे सांगितली ती मला आवडली. चक्राच्या बाजूने त्याचे दुसरे कारण शुद्ध कारागिराचे होते : चक्राला आरे असतात, त्यांच्यामधून वारा जातो. म्हणजे चक्र ही स्वतःच एक जाळी आहे.

दहा इंची चक्र घ्यायचे ठरले. भरीव तबकडी बसविली असती तर वाऱ्याची सुमारे ५०० चौरस सेंटीमीटर जागा बंद झाली असती. पाच मिलिमीटरच्या सळीचे चोवीस आरे, सहा मिलिमीटरचे बाहेरचे कडे आणि तीन इंची तुंबा धरला तरी यांतली साठ टक्के जागा मोकळी राहते. हा हिशेब मी घरी येऊन कागदावर केला. त्याला तो हाताने ठाऊक होता. तुंबा आधी त्याने दोन इंची कापला होता. पण त्या तुंब्याच्या परिघावर चोवीस सळ्या मांडल्या की एका सळीपासून दुसरीपर्यंत साडेसहा मिलिमीटर येतात, त्यांतले पाच सळीच खाते. उरलेल्या दीड मिलिमीटरमध्ये वेल्डिंगचा रस भरून सगळे एक गोळा होते. म्हणून तुंबा तीन इंची. लहान चक्रे बेढब दिसतात त्याचे कारण बहुधा हेच असते. आरे चोवीस हवेत हा आग्रह धरायचा आणि तुंबा मात्र बारीक ठेवायचा.

चोवीस भाग पाडण्यासाठी त्याच्याजवळ कोनमापक नव्हता. त्याने कंपासाने वर्तुळ काढले, तेच अंतर घेऊन वर्तुळावर सहा खुणा केल्या, प्रत्येक भागाचे दोन केले, मग पुन्हा दोन. सहा, बारा, चोवीस. प्रत्येकी पंधरा अंश. शाळा त्याने सातवीत सोडली होती. भूमितीच्या तासाला मला ही रचना पाठ करावी लागली होती आणि ती कशासाठी हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते. आरे लावताना तो एक आरा लावी, मग त्याच्या बरोबर समोरचा लावी. ओळीने लावले तर उष्णतेने कडे एका बाजूला ओढले जाते आणि चक्र अंड्यासारखे होते. आधी फक्त टाके, सगळे जुळले की पक्के वेल्डिंग, मग ग्राइंडर.

धातू कोणता, हा प्रश्न ट्रॉम्बेत साधा नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि खताचा कारखाना. खारी हवा साध्या लोखंडाला एका पावसाळ्यात फोड आणते. रंगाखालून गंज सरकतो आणि निळ्यातून तांबडे ओघळ येतात. स्टेनलेस स्टील महाग पडते. मावसभावाने साधेच लोखंड घेतले, पण त्यावर आधी गंजरोधक प्रायमर आणि मग भट्टीत भाजलेला पावडरचा निळा रंग दिला. बोल्ट मात्र स्टेनलेस घेतले आणि मध्ये रबराचे वॉशर टाकले. दोन वेगळे धातू ओल्या खाऱ्या हवेत एकमेकांना टेकले की हलक्या प्रतीचा धातू आधी खाल्ला जातो, म्हणून मध्ये रबर. आणि एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी : चक्राचा भार प्लास्टिकच्या जाळीवर टाकू नये. जाळी क्लिपांवर बसलेली असते, भार आला की खड्ड्यात तिचे कान तुटतात. जाळीमागे रेडिएटर धरणारी लोखंडी आडपट्टी असते, तिथपर्यंत दोन पट्ट्या नेऊन चक्र तिला बांधावे. दुहेरी चिकटपट्टी फक्त हलक्या प्लास्टिकच्या मोनोला चालते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण कार्यकर्त्यांकडे लोक याच गोष्टी विचारायला येतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. समोर लोखंडी पाइपांचा गार्ड लावण्याविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिले होते. कारण योग्य आहे. गार्ड धडकेचा झटका सरळ चॅसिसवर नेतो, एअरबॅगच्या कामात अडथळा आणतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त जखमी करतो. म्हणून चक्र गार्डवर चढवू नये, जाळीच्या पातळीतच बसवावे, त्याला बाहेर आलेले टोक नसावे, दिवे आणि नंबरप्लेट झाकू नये. नंबरप्लेटवर काहीही लिहू नये, अगदी ‘जय भीम’सुद्धा. चक्रामागे निळे दिवे लावण्याची हौस अनेकांना असते, ती आवरावी. तो प्रकाश रस्त्यावर आपत्कालीन सेवेचा समजला जातो. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला न्यावी लागते, तेव्हा हे सगळे तपासणाऱ्याच्या समोर उभे राहणार आहे.

चार सिंहांची राजमुद्रा खासगी गाडीवर लावताच येत नाही, २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. राष्ट्रध्वजावर आहे तसे अशोकचक्र धंद्यासाठी केंद्राच्या परवानगीवाचून वापरण्यास १९५० च्या कायद्याने मनाई आहे. धर्मभावनेने लावलेले चक्र हा धंद्यासाठी वापर ठरतो का, यावर वाद घालता येईल. पण आपल्या पोराने तो वाद चौकीवर घालावा असे मला वाटत नाही. सुरक्षित मार्ग आठ आऱ्यांच्या धम्मचक्राचा आहे. अष्टांगिक मार्गाचे ते चिन्ह आहे, बनवायला सोपे आहे, वाराही अधिक जातो. मी हे मावसभावाला सांगितले. तो म्हणाला, “दादा, आठ आऱ्यांचं लावलं तर लोक जहाजाचं चाक समजतील. चोवीसच पाहिजेत.” जुलै १९४७ मध्ये घटना समितीने चरख्याऐवजी चक्र असलेला ध्वज स्वीकारला, आणि ध्वजासाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेब होते, हे त्याला ठाऊक होते. कायद्याहून त्याला ते जवळचे वाटले. मी माझे मत सांगितले, त्याने त्याचे केले.

या हट्टामागे काय आहे हे समजण्यासाठी गाडी या वस्तूकडे जरा मागे जाऊन पाहावे लागते. लहानपणी, १९०१ च्या सुमारास, बाबासाहेब आणि घरातली इतर मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि तेही असे, की मुलांनी बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. १९२९ मध्ये सरकारी समितीचे सभासद, बॅरिस्टर झालेले बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांपैकी कुणी महाराचा टांगा हाकायला तयार नव्हता. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतला एक माणूस पुढे बसला, त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. या दोन्ही हकिकती त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवल्या आहेत.

माझे वडील ट्रकवर क्लीनर होते. पहाटे उठून मालकाच्या गाडीची जाळी पुसणे, तिच्यावरच्या मालकाच्या कुलदैवताला हार घालणे, शनिवारी लिंबू-मिरची बदलणे ही त्यांची कामे. मालकाने हार घालू दिला हीच त्यांना पुष्कळ मोठी गोष्ट वाटे. मावशीने नव्या पिकअपला ओवाळताना निरांजन जाळीपाशी बराच वेळ धरून ठेवले. ती काही बोलली नाही.

पण खूण लावणारा एकटा नसतो, ती वाचणाराही असतो. आणि आपल्याकडे वाचणारा चक्राचा अर्थ शोधत नाही, जात शोधतो. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आडनाव हे नाव ठरते. ‘जय भीम’ हे अभिवादन असून ते जात ठरते. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर उत्तर प्रदेश सरकारने वाहनांवरची जातिनामे काढण्याचा आदेश दिला. जातीचा गर्व मिरविणारी पाटी उतरली तर आम्हांला आनंदच आहे. मात्र उद्या असाच आदेश आपल्याकडे आला तर रस्त्यावरचा शिपाई प्रथम कोणती गाडी थांबवील, याची मला शंका नाही.

ही भीती हवेतली नाही. ट्रॉम्बेहून घाटकोपरचे रमाबाई नगर काही लांब नाही. ११ जुलै १९९७ रोजी तिथे पुतळ्याची विटंबना झाली, निषेधाला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा माणसे गेली. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले म्हणून एका तरुणाचा खून झाला. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावच्या अभिवादनाला निघालेल्या गाड्यांवर पुणे-नगर रस्त्यावर दगडफेक झाली, गाड्या पेटविल्या गेल्या. कोणती गाडी कुणाची, हे दगड घेतलेल्या हातांना पुढच्या बाजूवरून कळत होते. म्हणून आमचे ज्येष्ठ मित्र जेव्हा याला सजावट म्हणतात तेव्हा मला त्यांना विचारावेसे वाटते, की अशी कोणती सजावट आहे जिच्यामुळे काच फुटते?

त्यांच्या आक्षेपातला खरा भाग मी नाकारत नाही. राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते हा इशारा खुद्द बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीत दिला होता. चक्र लावलेल्या गाडीचा मालक हमालाला पूर्ण मजुरी देतो का, वस्तीतल्या पोराला गाडी शिकवितो का, हे प्रश्न चक्राने सुटत नाहीत. मावसभावाच्या गाडीचा खरा मालक तर अजून हप्ते घेणारी फायनान्स कंपनी आहे. जाळी त्याची, गाडी तिची. हे त्यालाही माहीत आहे, आणि तो त्यावर हसतो.

चक्र तयार झाल्यावर फॅब्रिकेटरने विचारले होते, “फिक्स करू, की काढता येईल असं करू?” मला प्रश्न कळला नाही, मावसभावाला कळला. तो म्हणाला, काढता येईल असं. पंखवाले नट लावले गेले, हाताने दोन मिनिटांत सुटणारे. असे का विचारलेस म्हणून मी फॅब्रिकेटरला नंतर विचारले, तर तो म्हणाला, “सर, तुमच्या लोकांना मी नेहमी विचारतो. बाकी कुणाला विचारत नाही.”

पहिल्या दोन महिन्यांत चक्र तीन वेळा खाली उतरले. दोनदा गावाकडच्या एका भाड्याच्या वेळी. तिसऱ्यांदा एका मोठ्या गृहसंकुलात फर्निचर उतरवायचे होते म्हणून. आधीच्या खेपेला तिथल्या रखवालदाराने गाडीकडे पाहून मागच्या फाटकाने यायला सांगितले होते. पुढच्या टेम्पोला पुढूनच सोडले. चक्रामुळेच असे झाले, हे सिद्ध करता येणार नाही. अशा गोष्टी सिद्ध करता येत नाहीत, यातच त्यांचे बळ असते.

मग एका रात्री सायन-पनवेल महामार्गावर खड्ड्यात गाडी आदळली, एक नट गळून पडला आणि चक्र एकाच बोल्टावर लोंबकळत घरी आले. फॅब्रिकेटरने पाहिले आणि सांगितले, की पंखवाला नट रोज उघडायच्या वस्तूसाठी असतो. पिकअपचा हादरा त्याला सहन होत नाही. आत नायलॉनचे कडे असलेला लॉकनट लावला तर तो हादऱ्याने सुटणार नाही, पण काढायचा म्हटला तर दोन पाने लागतील, बंपरखाली झोपावे लागेल आणि पाव तास जाईल. वाटेत उतरवता येणार नाही. “कोणता लावू?” मावसभावाने माझ्याकडे पाहिले. वर्गात मी चिन्हांच्या राजकारणावर दोन तास बोलू शकतो. त्या वेळी मला एवढेच सुचले, की गाडी तू चालवतोस.

त्याने लॉकनट लावून घेतले. पुढच्या आठवड्यात त्याच गृहसंकुलाचे भाडे होते, तो चक्रासकट गेला. कोणत्या फाटकाने आत गेला ते मी त्याला अजून विचारलेले नाही.